हलका म्हणजे वजनाला

३ फेब्रुवारी, मंगळवार

मुलासाठी का! मुलासाठी का! आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकलं. दुकानात शिरले, म्हटलं, वजनाला कमी आणि गेम चालणारा लॅपटॉप दाखवा. तो टायवाला विक्रेता माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघायला लागला — मागे कोणी तरुण मुलगा उभा असेल म्हणून! मागे होतं काचेचं दार. "मॅडम, मुलासाठी का?" नाही. माझ्यासाठी. "म्हणजे मेल, फोटो, असंच ना?" असंच नाही! गेम. खेळायचे. मी. त्यावर असा हसला, जसं काही मी तलवार मागितली.

मी लिफ्ट तपासते. तपासणी म्हणजे लिफ्ट बंद. म्हणजे लिफ्टवाल्या बाईच्या नशिबी जन्मभर जिने! लोकांना हे सांगितलं की हसतात, मला आता हसू येत नाही. लिफ्टचं मशीन सगळ्यात वर, गच्चीला लागून. एका खांद्याला हत्यारांची पिशवी, दुसऱ्याला पोरगा घरी टाकून गेलेला त्याचा गेमचा लॅपटॉप. धूड नुसतं. चार्जर म्हणजे वीट. ऑफिसचे रिपोर्ट त्यावरच, संध्याकाळचा खेळ त्यावरच. डॉक्टरीण म्हणाली, "खांदा सुजलाय, ओझं कमी करा, नाहीतर हात वर जायचा बंद होईल." बरं, छोटा घ्यावा तर त्यावर खेळ चालत नाही. खेळ चालणारा घ्यावा तर उचलत नाही. दोन्ही जमणारा एक दाखवा म्हटलं तर — मुलासाठी का!

४ फेब्रुवारी

डावा हात खांद्याच्या वर जाईना. अंबाडा एकाच हाताने बांधला, तो जिन्यातच सुटला. आज एवढंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा बंद पडला! ऐन मोक्याला. आधी पंखा घरघरला, मग स्क्रीन काळीठिक्कर.

खेळ असा — पडक्या शहरातून पेट्या पलीकडे पोचवायच्या. पेटी उचलली की माणूस हळू चालतो, हातात हत्यार धरता येत नाही, आणि मागून लोखंडी कुत्री येतात. म्हणून एकाने उचलायचं, दुसऱ्याने राखायचं. उचलतो पोरगा, राखते मी. आणि मीच गायब! परत सुरू होईस्तोवर कुत्र्यांनी त्याचा फडशा पाडलेला. "इन्स्पेक्टर, कुठे गेलीस?" तिथे मी इन्स्पेक्टर, तो मुंगळा. म्हटलं, "तुझा लॅपटॉप गेला." म्हणाला, "माझा कुठला? आता तुझा."

कोणी म्हणेल, बाई या वयात खेळाच्या नादी लागली. लागले! फोनवर पोरगा काय बोलतो? बरा आहे. जेवलो. ठेवतो. संपलं! आणि कुत्री मागे लागली की सगळं सांगत सुटतो. खोलीतला नळ गळतो. ऑफिसातली वरची बाई कडक आहे, पण शिकवते. दात दुखतो. एकदा पेटी घेऊन पळता पळता म्हणाला, "इन्स्पेक्टर, मला घरची आठवण येते गं." समोर बसून हे त्याच्या तोंडून कधी निघालं नसतं. रोजचा तो तास माझा आहे. २३ तारखेपासून लांबचा दौरा, महिनाभर तरी लॉजवर मुक्काम. हे धूड तिथे नेणं खांद्याला झेपणार नाही. नेलं नाही तर तो तास गेला.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याला वाटतं मी कुठल्यातरी अनोळखी पोराटोरांबरोबर खेळते. पोराने बजावलंय — बाबांना सांगू नकोस. त्याचं तरी काय चुकलं? शिक्षण अर्ध्यात सोडून गेम तपासायच्या कंपनीत लागला. मी लिफ्टमधल्या चुका शोधते, तो गेममधल्या शोधतो. नोकरीची चिठ्ठी आली त्या दिवशी नाचत घरी आला, तर बाप फोनवर काकाला सांगतोय, "पोराला काम लागलं रे. हलकं काम आहे." आणि पोरगा दारात उभा! हलकं काम! पहिली नोकरी, आणि बापाच्या तोंडी हे! त्याच आठवड्यात बॅग भरून गेला. लॅपटॉप टेबलावरच ठेवला, कंपनी देते म्हणाला. मी नवऱ्याला फैलावर घेतलं, असं बोलतात का पोराच्या कामाला? तर वर तोंड करून म्हणतो, "हलक्याला हलकं म्हटलं, त्यात वाईट काय?"

तेव्हापासून बापलेकांचा अबोला. मीही या माणसाशी कामापुरतंच बोलते.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज दुसरं दुकान. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, हलका लॅपटॉप दाखवा. तिने मला तडक मागच्या कोपऱ्यात नेलं. "हलक्यातले इकडे." एक बटण दाबलं की बटणांची आख्खी पाटी खाली वाकते असले! झाकण उघडताना कुरकुरलं. म्हटलं, हे काय दाखवताय, चांगले दाखवा की. "चांगले पुढे आहेत, पण तुम्हीच हलका म्हणालात."

अहो, हलका म्हणजे वजनाला हलका! हे मी एवढ्या मोठ्याने बोलले की माउस बघणारे दोघे वळले. बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ग्रीसचे डाग पडलेली पिशवी, झिजलेले बूट. म्हणजे माझ्याकडे बघून तिला वाटलं, हिला हलक्यातलाच हवा असणार! कानशिलं तापली. तशीच बाहेर पडले.

घरी आले तर रागाच्या भरात नवऱ्यालाच सांगून बसले. बोलायचं नव्हतं, पण दुसरं होतं कोण? हा गुडघ्याला तेल चोळत बसलेला. लोकांची घरं हलवण्याचा याचा धंदा — कपाटं, फ्रीज, पलंग, सगळं पाठीवर. वस्तू जिन्यात मध्येच टेकवणं याला कमीपणाचं वाटतं. गुडघे गेले, पण एकदा उचललेलं ओझं वर पोचेपर्यंत खाली ठेवणार नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हलका म्हणजे वजनालाच. दुसरं काय असतं?" आणि पुन्हा तेल चोळायला लागला.

दुसरं काय असतं म्हणे! जसं काही याला ठाऊकच नाही. पोराच्या वेळी बरं आठवलं होतं दुसरं काय असतं ते. साळसूद कुठला!

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात साहेबांना म्हटलं, दौऱ्याआधी लॅपटॉप बदलतेय, एक दिवस रिपोर्ट उशिरा येईल. "कुठला घेताय?" सांगितलं. "गेम? मॅडम, तुम्ही?" आणि डोळे मिचकावून शेजारच्याकडे बघितलं. हा माणूस मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून पत्ते खेळतो! सगळ्यांना दिसतं, त्याच्या चष्म्यात राण्या चमकतात. पण त्याचा तो विरंगुळा, माझा तो पोरकटपणा. उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. दौऱ्याच्या इमारती तोच वाटून देतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

टायवाल्याकडे पुन्हा. आज त्याने निमूटपणे गेमवाले पातळ लॅपटॉप दाखवले, एवढी सुधारणा आहे. एकाच्या पाटीवर वजन लिहिलेलं. उचलून बघितला, खरंच कमी. म्हटलं, चार्जर?

"तो वेगळा, मॅडम."

वेगळा म्हणजे? चार्जरशिवाय गेम चालतो? "चालतो, पण नीट चालायचा तर लावूनच खेळायचं." मग वेगळा कसा? घरी ठेवून जाऊ? काढायला लावला खोक्यातून. पुन्हा तीच वीट! नवी कोरी, चकचकीत वीट! लॅपटॉप पातळ करून सगळं वजन चार्जरमध्ये कोंबलंय, आणि पाटीवर त्याचं नाव नाही.

मी प्रवासी बॅगा तोलायचा काटा पिशवीतून काढला. दोन्ही एका पिशवीत घातले आणि तिथेच टांगले. टायवाला कासावीस. "मॅडम, असं कोणी करत नाही." मी करते! लिफ्टमध्ये माणसं काय पिशव्या बाहेर ठेवून चढतात? जे वर जातं ते सगळं वजनच.

मग त्याने आतून एक चौदा इंची आणला. चार्जर तळहातात मावेल एवढा. काटा बरा बोलला. हा आधी का नाही दाखवला? "तुम्ही विचारलं नाहीत." घ्या!

१२ फेब्रुवारी

मुंगळा म्हणाला, "घाई करू नकोस, इन्स्पेक्टर." आणि थोड्या वेळाने, "पण लवकर घे."

१५ फेब्रुवारी, रविवार

पोराने परीक्षा सांगून ठेवली होती. "पहिली दहा मिनिटं सगळेच पळतात. पातळ मशीन तापलं की गुपचूप वेग कमी करतं, ते बघ. सगळ्यात गर्दीचा गेम लाव, चालू ठेव आणि उभी राहा. बटणांवर हात ठेवून बघ, पोटाखाली हात घालून बघ. पंख्याचा आवाज ऐक." हे तर माझंच काम झालं! रिकामी लिफ्ट वरखाली करून मी कधी पास करते का? पूर्ण भार घालते, पुन्हा पुन्हा चालवते, मग सही.

तर राहिले उभी. आधी पाटीवाल्या पातळावर. सुरुवातीला वाऱ्यासारखा. मग बटणं गरम, मग तळ असा तापला की हात ठेववेना, आणि चित्र अडखळायला लागलं. मुंगळ्याने सांगितलं तसं, अगदी तसंच! टायवाला म्हणतो, "एवढा वेळ कोण खेळतं?" मग चौदा इंची. तापला, पण तक्रार न करता पळत राहिला. पंखा जरा शिट्टी घालतो. घालू दे.

मध्येच एक गृहस्थ आले. माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "आजी, जमतंय का? नातवाला विचारा." आजी!! एकावन्न वर्षांची आहे मी! आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक काळा केस असेल तर शपथ. त्यांच्या देखत तीन कुत्री लोळवली. गेले मग.

घरी येताना राहून राहून पोराचं कौतुक वाटत होतं. एवढं बारीक ज्ञान! कुठे काय फसवणार हे बसल्या जागी ओळखतो. आणि याला म्हणायचं हलकं काम! जेवताना हे नवऱ्याच्या तोंडावर बोलणार होते. पण मग तास कळला असता. भाजी वाढली.

दुकानात मांडलेला चौदा इंची वापरून वापरून पार थकलाय, नवा शनिवारी येणार. तोवर आपलं धूड टिको.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नाही टिकलं. काल रिपोर्ट पाठवला आणि मेलं. बटण दाबून दाबून अंगठा दुखला.

पोराला फोन केला. "बरा आहे. दात काढला. जेवलो. ठेवतो." दात काढला कधी, दुखलं किती, सोबत कोण होतं, काही नाही! ठेवतो!

नवरा दारात येऊन उभा. "आज टकटक नाही तुझी?" म्हटलं, बंद पडला. "शनिवारी मी येतो दुकानात. खोकं तुझ्या खांद्याला नको." काही गरज नाही म्हटलं. तो म्हणाला, "गरजेचं नाही विचारलं, येतो म्हटलं."

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं नीट लिहिते.

दुकानात शिरलो आणि टायवाल्याचा चेहरा उजळला — एकदाचा पुरुष दिसला! "या सर, बसा सर. सर, याचा प्रोसेसर असा, सर, ग्राफिक्स तसं." इतके दिवस उभी राहिले मी, तोललं मी, तापवलं मी, आणि आता सर! मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "मला काय सांगता? मी कपाटं उचलतो. लॅपटॉप तिचा, खेळणारी ती. तिच्याशी बोला." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा या माणसाचा राग नाही आला. आला तो जरासाच.

खोकं फोडलं. टायवाल्याने लॅपटॉप मलाच द्यायला हवा होता, पण दिला नवऱ्याच्या हातात. नवऱ्याची सवय, कुठलीही वस्तू आधी तोलून बघणार. एक हात खाली घातला, डोळे अर्धे मिटले. मग हसला. कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जोडीदार खरंच जोर लावतोय असं कळलं की हसतो, तसा.

"हलका आहे," म्हणाला. "आपल्या पोराच्या कामासारखा."

माझं टाळकंच सरकलं. दुकान बघितलं नाही, लोक बघितले नाहीत. इथेसुद्धा? परक्या माणसासमोरसुद्धा? किती वेळा त्या पोराच्या कामाला हलकं म्हणाल? लाज नाही वाटत?

हा माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, मग काय जड म्हणू? फ्रीज पाठीवर घेऊन जिना चढायचा, ते जड. माझ्या बापाने पोती वाहिली, मी कपाटं वाहिली, तू त्या पिशव्या घेऊन गच्च्या चढतेस. आपल्या घरात पहिल्यांदा कोणाला तरी हलकं काम मिळालं. बसून करायचं. पाठ शाबूत राहील त्याची. भावाला तेच तर सांगत होतो. त्याला ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगितलं, ओरडून."

मी तिथल्या स्टुलावर बसले.

"पोराने दुसरंच ऐकलं," म्हटलं.

"दुसरं काय?"

"हलकं. म्हणजे खालचं. काही किंमत नसलेलं."

हातातला लॅपटॉप ह्यांनी खाली ठेवला नाही. छातीशी धरून उभे राहिले. "मी? माझ्या पोराच्या कामाला?" आणि मग, "पण मला विचारायचं तरी."

विचारायचं! मी म्हणणारच होते की विचारलं होतं. पण कुठे विचारलं? झापलं होतं. आणि पोरानेही नाही विचारलं. एका शब्दावर तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलो, आणि शब्द कुठला, तर हलका! कोणाचा राग करू आता? पोराचा केला, ह्यांचा केला, माझा केला, शेवटी टायवाल्याचाच केला, कारण तो विचारत होता, "मॅडम, पॅक करू?"

निदान मॅडम म्हणाला.

घरी आल्यावर त्या तासाचं सांगून टाकलं. ह्यांना राग येईल वाटलं होतं. नाही आला. "कधीपासून?" तो गेल्यापासून. "बरा आहे?" हो, दात काढला. "कुठला?" ते मलाही ठाऊक नव्हतं. ह्यांनी गालाला आतून जीभ लावली, एकेक दात चाचपत बसले.

म्हणाले, "त्याला सांग, माझ्या मनात तसं नव्हतं." म्हटलं, मी नाही सांगणार. तुमचा शब्द, तुम्ही निस्तरा.

२२ फेब्रुवारी, रविवार

उद्या दौरा. आज लॅपटॉप ह्यांच्यासमोर ठेवला, हेडफोन काढून टाकला. "हलकं म्हणजे चांगलं रे" — एवढंच वाक्य ह्यांनी सकाळपासून पाठ केलं होतं. पण समोर पेटी दिसली आणि आधी ती उचलली. सवय! मागून कुत्री निघाली. पोरगा ओरडला, "इन्स्पेक्टर, डावीकडे बघ!" ह्यांनी मान वळवून डावीकडे बघितलं, माझ्याकडे. "डावीकडे तुझी आई बसलीय," म्हणाले.

तिकडे मुंगळा धावता धावता जागीच थांबला. पाठ केलेलं वाक्य ह्यांच्या तोंडातच राहिलं. कुत्री जवळ आली, हे पेटी काही सोडेनात.

मग आवाज आला, "बाबा, ओझं टाका! टाका ते ओझं आणि पळा!"